व्हेटचं ऐकू की फिजिओचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांध्यांबद्दल लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक ओळ होती, की गोळ्यांच्या जोडीला फिजिओथेरपीचा चांगला उपयोग होतो. त्या एका ओळीवर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळची सगळी जागा त्यालाच देतेय. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, डॉक्टर एक सांगतात आणि फिजिओ दुसरंच सांगते, आम्ही काय करायचं? मी स्वतः व्हेट आहे, सुरुवातीची काही वर्षं सातारा जिल्ह्यात गाईबैल बघितले, नंतर पुण्यात कुत्रीमांजरं, आणि गेली सात वर्षं एका फिजिओथेरपिस्टबरोबर काम करतेय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीये. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीयत.

प्रश्न : आमचा डॅशहुंड ५ वर्षांचा आहे. परवा सोफ्यावरून उडी मारली आणि काल सकाळपासून मागचे पाय ओढत चालतोय, पाठीला हात लावला की ओरडतो. आमच्या डॉक्टरांनी पिंजऱ्यात ठेवून पूर्ण विश्रांती सांगितलीये आणि लगेच न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. पण सोसायटीत एकजण म्हणतात त्यांच्या ओळखीचा माणूस घरी येऊन मणका ‘सेट’ करून देतो, एका सेशनमध्ये कुत्रा उभा राहतो. काय करू? (ठाणे)

ताई, तुम्हाला फोनवर त्याच दिवशी सांगितलं कारण अंक छापून यायची वाट बघण्यासारखं हे प्रकरण नाही, पण असाच प्रश्न अजून कोणाला पडला असेल म्हणून इथेही लिहिते. त्या माणसाला कुत्र्याच्या पाठीला हात लावू देऊ नका.

डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींमध्ये मणक्यातली गादी लहान वयातच कडक व्हायला लागते, जन्मतःच ती गुणसूत्रात असते, तुमची काही चूक नाही. मग एका साध्या उडीत ती फुटते आणि आतला चुन्यासारखा भाग वर मज्जारज्जूवर दाबला जातो. आता विचार करा, आत आधीच दाब आलाय आणि वरून कोणीतरी कडकट्ट करून मणका फिरवतोय, म्हणजे अजून माल आत ढकलला जाणार. जो कुत्रा सकाळी पाय ओढत होता तो संध्याकाळी पूर्ण लुळा होऊ शकतो. आणि ‘एका सेशनमध्ये उभा राहतो’ ही जी गोष्ट सांगतात ना त्यामागे बऱ्याचदा असं असतं की तो कुत्रा सौम्य केस होता आणि नुसत्या विश्रांतीनेही उभा राहिलाच असता.

डॉक्टर ज्या तपासण्या करतात त्यात एक फार महत्त्वाची असते. मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबतात. पाय आखडला म्हणजे त्याला कळलं असं घरच्यांना वाटतं आणि ते खुश होतात, पण पाय आखडणं हा नुसता रिफ्लेक्स असतो, जिथे दाब आलाय त्याच्या मागचा मज्जारज्जूचा भाग तो आपला आपण करतो. कुत्र्याने मान वळवून बघितलं, कण्हला, चावायला आला, तर निरोप मेंदूपर्यंत पोचतोय. हे दुखणं कळत असताना ऑपरेशन झालं तर १० पैकी साधारण ९ कुत्री परत चालतात, ते कळणं गेलं की हाच आकडा निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून मी म्हणते की या आजारात पहिला माणूस व्हेटच हवा आणि तोही तासांच्या हिशोबात, ‘दोन दिवस बघू’ नाही.

मग फिजिओचं काम कधी? खूप आहे, पण नंतर. ऑपरेशन झालं तर सर्जनने हिरवा कंदील दिल्यावर, आणि ऑपरेशन नको असं ठरलं तर निदान ४ आठवडे कडक विश्रांती झाल्यावर, चालवणं, तोल सांभाळायला शिकवणं, पंजा उलटा पडतो तो सरळ ठेवायला शिकवणं, हे सगळं तिचं. आणि एक गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही ती चांगली फिजिओ पहिल्याच दिवशी बघते, कुत्र्याला शू होतेय का. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी बऱ्याचदा तुंबते, आणि अंथरूण ओलं दिसलं की घरच्यांना वाटतं होतेय व्यवस्थित, प्रत्यक्षात ती भरलेल्या पिशवीतून ओसंडून गळत असते. ती पिशवी दिवसातून ३-४ वेळा हाताने दाबून रिकामी करावी लागते, हे डॉक्टरांकडून किंवा त्यांच्या नर्सकडून आधी शिकून घ्या आणि मगच घरी करा.

प्रश्न : आमची राणी, लॅब्राडोर, ९ वर्षं, वजन ४१ किलो. दोन्ही खुबे खराब आहेत असं एक्सरेत दिसलं. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा आणि गोळ्या द्या, बाकी काही गरज नाही. फिजिओ म्हणते पाण्यातल्या ट्रेडमिलवर आणा आणि एवढ्या गोळ्या का चालू ठेवल्यात. मी इकडचं तिकडे सांगतो आणि तिकडचं इकडे, दोघंही चिडतात माझ्यावर. (नाशिक)

दादा, राणीच्या बाबतीत दोघंही बरोबर आहेत, आणि तुमच्यावर जे काम येऊन पडलंय ते तुमचं नाहीच मुळी.

आधी वजनाचं. डॉक्टर वजनावर अडून बसलेत ते उगाच नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांचा जन्मभर अभ्यास झाला होता, जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, बस एवढाच फरक. कमी खाणारे कुत्रे जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही बऱ्याच उशिरा दुखायला लागले. आणि आधीच सांधे बिघडलेल्या जाड कुत्र्यांमध्येही साधारण ६ टक्के वजन उतरलं की लंगडणं कमी झालेलं दिसतं, म्हणजे राणीचे नुसते अडीच किलो. ४१ वरून एकदम ३२ ला आणायचं ऐकूनच घरातले हात टेकतात, पण अडीच किलो जमेल. चपाती बंद, पार्लेजी बंद, आजोबांच्या ताटातला घास बंद. (आजोबांना राग येईल पण त्यांना सांगा की हाच घास तिच्या खुब्यावर बसतो.)

आता ट्रेडमिलचं. पाण्यात कुत्रा का हलका होतो ते आकड्यात बघा. पाणी मागच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर ९१ टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५, पण खुब्यापर्यंत आलं की एकदम ३८ टक्के. म्हणजे खुब्याइतक्या पाण्यात राणीचे ४१ किलो सोळाच्या आत येतात, सांधा कमी दुखतो आणि मांडीचे स्नायू मात्र पूर्ण काम करतात. मांडीत ताकद आली की खुब्याला आधार मिळतो. रस्त्यावर तासभर फिरवून हे होत नाही, उलट ती दुसऱ्या दिवशी उठत नाही. तेव्हा फिजिओ बरोबर सांगतेय. फक्त पाण्यात उतरवायच्या आधी डॉक्टरांनी हृदय ऐकलेलं हवं, फिट येत असतील, जुलाब चालू असतील, कुठे जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर पाणी नको, आणि हे बघणं फिजिओने डॉक्टरांकडूनच मागून घ्यायचं असतं.

राहिला गोळ्यांचा वाद. गोळी चालू ठेवायची का बंद करायची हे फिजिओने ठरवायचं नाही, स्पष्ट बोलते. पण गोळी घेऊन कुत्री कशी चालते हे तिला जेवढं दिसतं तेवढं मला दिसत नाही. माझ्याकडे राणी दोन महिन्यांतून एकदा येणार, दहा मिनिटं, घाबरलेली, गुळगुळीत फरशीवर पाय पसरून उभी. फिजिओकडे ती आठवड्याला पाऊण तास असते आणि दुसऱ्या तिसऱ्या वेळेपासून मोकळी वागायला लागते. मांडीचा घेर टेपने मोजला जातो, कुठे हात लावल्यावर कान मागे जातात ते कळतं. ही माहिती माझ्यापर्यंत आली नाही तर मी अंधारात गोळ्या लिहितेय.

आणि उलटही होतं. एकदा आमच्या फिजिओने एका कुत्र्याला बघून मला घाबरून फोन केला की मागचे पाय अचानक झिंगल्यासारखे पडतायत, मणक्याचं काहीतरी वाढलंय. वाढलं काही नव्हतं, मी आदल्या दिवशी गॅबापेंटिनचा (नसांच्या दुखण्यावरचं औषध) डोस वाढवला होता आणि त्याने कुत्रं असं झुलतं काही दिवस. मी तिला कळवलंच नव्हतं. चूक पूर्ण माझी, कारण त्या मालकांनी दोन रात्री न झोपता काढल्या. तेव्हापासून औषध बदललं की आधी तिला मेसेज, मग पुढचा पेशंट.

दुसरा प्रसंग मी विसरू शकत नाही. एक रॉटवायलर, पुढच्या पायाने लंगडत होता, दुसरीकडे कुठेतरी बघून मुरगळलंय म्हणून मालिश सांगितलं होतं, एक्सरे नव्हता. तो मालिशसाठी आमच्या फिजिओकडे आला. तिने मनगटाच्या जरा वर हात ठेवला, हाड एका बाजूला थोडं जाड लागलं आणि कुत्र्याने पाय काढून घेतला. तिने तिथेच हात थांबवला, मशीन लावलं नाही, पैसे घेतले नाहीत, सरळ एक्सरेला पाठवलं. हाडाचा कॅन्सर होता. मोठ्या जातींमध्ये त्या जागी आणि खांद्याजवळ तो जास्त दिसतो, आणि सुरुवातीला हुबेहूब मुरगळल्यासारखाच वाटतो. त्या गाठीवर शेक देणं, चोळणं, अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नाही, फिजिओचं उपचाराचं मशीन) लावणं, सगळंच घातक. ती सहा सेशनचे पैसे घेऊन चोळत बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. माझ्या मते चांगली फिजिओ ओळखायची ती इथे, हात कधी लावायचा नाही हे तिला कळतं का.

आणि आपल्याकडे गोचीड ताप विसरू नका. महाराष्ट्रात कुत्रं आज या पायाने आणि परवा दुसऱ्या पायाने लंगडतंय, खात नाहीये, अंग गरम आहे, तर आधी रक्त तपासायचं, कारण गोचिडाच्या आजारात सांधे सुजतात आणि ते मालिशने जात नाहीत, औषधाने जातात.

तर दादा, तुम्ही एवढंच करा. दोघांचे नंबर एकमेकांना द्या, एक ग्रुप करा, राणीचे रिपोर्ट त्यात टाका आणि दोघांनाही सांगा की मी निरोप्या होणार नाही, तुम्ही बोला. चांगले असतील तर बोलतील.

प्रश्न : मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे, बीपीटी केलंय, ६ वर्षं प्रॅक्टिस. मला कुत्र्यांची खूप आवड आहे, आता प्राण्यांकडे वळायचंय. कायद्याने चालतं का? (कोल्हापूर)

तुमच्यासारखी माणसं या क्षेत्रात यायला हवीत म्हणून नीट उत्तर देते, थोडं कडू लागेल.

आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्याच्या ३० व्या कलमात सांगितलंय की प्राण्यांवर पशुवैद्यकीय उपचार करायचा हक्क नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच. त्यातच एक वाट ठेवलीये की राज्य सरकार ठरावीक डिप्लोमा-सर्टिफिकेटवाल्यांना, म्हणजे आपले पशुधन पर्यवेक्षक वगैरे, किरकोळ सेवा द्यायची परवानगी देऊ शकतं, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. फिजिओथेरपिस्टना २०२१ च्या कायद्याने जी ओळख मिळाली ती माणसांच्या उपचारासाठी. त्यामुळे तुम्ही एकटीने बोर्ड लावून ‘कुत्र्यांचे पाठदुखी उपचार’ सुरू करू नका. एखाद्या व्हेटबरोबर, त्याने तपासलेल्या आणि त्याने लिहून पाठवलेल्या पेशंटवर काम करा. कायद्यासाठी म्हणून तर आहेच, पण तुमच्या स्वतःच्या झोपेसाठीही.

तुमचं शिक्षण वाया जात नाही अजिबात. हातांची समज, व्यायाम हळूहळू वाढवायची शिस्त, स्ट्रोकच्या पेशंटला परत उभं करण्याचा धीर, हे आमच्या साडेपाच वर्षांच्या बीव्हीएससीत फारसं शिकवलं जात नाही आणि ते मी माझ्या फिजिओकडून शिकले. पण कुत्रा म्हणजे चार पायांवर उभा केलेला माणूस नाही. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. पुढचा पाय धडाला कुठल्याच सांध्याने जोडलेला नसतो, माणसासारखं कामाचं गळपट्टीचं हाड त्याला नाही, सगळं स्नायूंवर टांगलेलं. ज्याला लोक कुत्र्याचा ‘उलटा गुडघा’ म्हणतात तो खरा घोटा आहे. आणि तुमचा पेशंट कुठे दुखतं ते सांगत नाही, चावतो. म्हणून आधी सहा महिने एखाद्या दवाखान्यात नुसतं उभं राहून बघा, कुत्रा धरायला शिका, तोंड बांधायला शिका, ओठ चाटणं, जांभई, पांढरे डोळे याचे अर्थ शिका. मग कोर्स बघा. कोर्सवाल्यांना एक प्रश्न नक्की विचारा, प्रत्यक्ष किती प्राणी हाताखालून जाणार? नुसते व्हिडिओ असतील तर पैसे वाचवा.

प्रश्न : मी लेस्टरला राहते. आमच्या म्हाताऱ्या स्पॅनियलसाठी इथल्या फिजिओकडे अपॉइंटमेंट मागितली तर ती म्हणते आधी व्हेटचं रेफरल आणा. व्हेटची फी वेगळी, फिजिओची वेगळी. हे एकमेकांना गिऱ्हाईक देणं नाही का? (इंग्लंड)

नाही हो. तिने रेफरल मागितलं म्हणजे ती बरोबर वागतेय. ब्रिटनमध्ये १९६६ च्या व्हेटरिनरी सर्जन्स अ‍ॅक्टप्रमाणे प्राण्यावर उपचार व्हेटनेच करायचे, आणि २०१५ च्या एका आदेशाने फिजिओथेरपीला त्यातून सूट दिलीये, पण अटीवर, की व्हेटने तो प्राणी तपासलाय आणि त्याच्या सांगण्यावरून हे चाललंय. अगदी निरोगी प्राण्याला नुसतं देखभालीचं मालिश करायचं असेल तर दरवेळी रेफरल लागत नाही असं तिथल्या रॉयल कॉलेजचं (व्हेटची नोंदणी आणि नियम बघणारी संस्था) मार्गदर्शन आहे, मात्र काही संशय आला तर हात थांबवून व्हेटकडे पाठवायचं. तुमचा स्पॅनियल म्हातारा आहे आणि त्याला त्रास आहे, म्हणजे तो ‘निरोगी’ मध्ये बसत नाही.

एक मात्र तिकडेही जपून. ‘फिजिओथेरपिस्ट’ हे नाव माणसांच्या बाबतीत कायद्याने राखलेलं आहे, पण ‘व्हेटरिनरी फिजिओथेरपिस्ट’ हे नाव तसं राखलेलं नाही, त्यामुळे छोटा कोर्स करून पाटी लावणारेही असतात. रॅम्प नावाचं प्राण्यांवर असे उपचार करणाऱ्यांचं रजिस्टर आहे, अकपॅट ही प्राण्यांवर काम करणाऱ्या चार्टर्ड फिजिओंची संस्था आहे, तिथे नाव बघून घ्या. जी बाई रेफरलशिवाय ‘या हो, बघून घेऊ’ म्हणेल तिच्याकडे जाऊ नका.

प्रश्न : बैल ६ वर्षांचा हाय, मागचा डावा पाय झटकत चालतो. सकाळी उठला की पाय मागंच ताणून राहतो, मग खाडकन पुढं येतो. चार पावलं नीट, परत तेच. गावात एकजण बैलांचं अंग चोळून देतो, त्याचं तेल पंधरा दिवस झालं. दुसरा म्हणतो डाग द्या. डॉक्टरला दाखवायचं का तेलानं होईल? (माण, सातारा)

भाऊ, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की माझं अर्धं काम झालं. गुडघ्याची वाटी वर सरकून अडकत असणार. वाटी वर अडकली की पाय ताठ होतो, सुटली की खाडकन पुढे येतो. आपल्या कामाच्या बैलांत आणि म्हशींत हे नेहमी बघायला मिळतं. हे तेलाने जात नाही कारण दुखणं स्नायूत नाहीच, वाटी धरून ठेवणाऱ्या एका शिरेत आहे (रक्ताची शीर नाही, सांध्याचा चिवट पट्टा, लिगामेंट). डॉक्टर जागा बधिर करून तेवढी एक शीर कापतात, बैल उभा असतानाही हे करता येतं, फार वेळ लागत नाही, आणि बऱ्याच बैलांचा पाय तिथल्या तिथे सुटतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव घाला. त्याआधी खूर मात्र उचलून नीट बघा, खिळा, खडा, भेग, कारण जनावर लंगडलं की पहिलं खूर बघायचं, मग वर जायचं.

डाग देऊ नका. तापलेल्या लोखंडाने वाटी खाली येत नाही. कातडी जळते, त्यात पू होतो, माश्या बसतात, आणि बैल आठ दिवस दुसऱ्याच दुखण्याने पाय धरतो म्हणून आधीचं दिसत नाही, लोकांना वाटतं गुण आला.

चोळणाऱ्या माणसाला मात्र सोडू नका, हे मी मनापासून सांगतेय. साताऱ्यात असताना असा एक म्हातारा बाबा मला भेटला होता, बैलाच्या अंगावरून हात फिरवून सांगायचा की इथे कातडी थरथरते. दहातल्या आठ वेळा बरोबर. त्याला निदान सांगता यायचं नाही पण जागा सांगता यायची आणि मला जागा कळली की निदान यायचं. तेव्हा डॉक्टर येतील त्या दिवशी तुमच्या माणसालाही बोलवा. शीर कापल्यावर बैलाला काही आठवडे औताला जुंपायचं नाही, हळूहळू चालवायचं, मांडी भरून आणायची, आणि तिथे त्याचे हात कामी येतील, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून.

पण एक लक्षात असू द्या, आणि त्यालाही सांगा. पावसाळ्याच्या तोंडावर एखादी चांगली भरलेली कालवड किंवा खोंड, सहा महिने ते दोन वर्षांचं, अचानक लंगडलं, अंगात ताप आहे, मांडी किंवा फरा सुजलाय आणि दाबलं की आत चरचर आवाज येतो, तर तो फऱ्या आहे, काही भागात एकटांग्या म्हणतात. तिथे चोळत बसायचं नाही, तासाभरात डॉक्टर. दिवस-दोन दिवसात जनावर जातं. लस पावसाळ्याआधीच देऊन घ्यायची असते. तिवा (तीन दिवसांचा ताप) आला तरी जनावर पाय बदलून बदलून लंगडतं, ते बहुतेक तीन दिवसांत उतरतं, तेव्हाही विश्रांतीच द्यायची, चोळून उठवायचं नाही.

आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून माणसाचं डायक्लोफिनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आकाशातली गिधाडं अशीच गेली. त्याऐवजी दुखण्यावर मेलॉक्सिकॅम आहे, डॉक्टर देतील.

प्रश्न : आमची मांजर १३ वर्षांची आहे, लंगडत नाही पण ओट्यावर उडी मारायची बंद झालीये. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का? (डोंबिवली)

सोडून देऊ नका, दुखत असणार. १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्सरे एका अभ्यासात बघितले होते तेव्हा ९० जणींच्या सांध्यांमध्ये झीज होती. मांजर लंगडून दाखवत नाही, ती उडी सोडते, अंग चाटणं कमी करते, शी पेटीच्या बाहेर करते. व्हेटकडे जा, किडनीचं रक्त तपासा, कारण गोळी त्यावर ठरते. घरात एक पायरी ठेवा, पेटीची एक बाजू कापून खाली करा. फिजिओ घरी येणारी मिळाली तर उत्तम, मांजराला उचलून नेण्यातच अर्धा फायदा जातो. आणि माणसाची पॅरासिटामॉल चुकूनही नाही, एक गोळी मांजराचा जीव घेते.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी पास झालेला व्हेट आहे. गावात नवीन फिजिओ आलीये, मालक मला न विचारता तिच्याकडे जातात. मी रेफर केलं तर पेशंट कायमचा तिकडे जाईल अशी भीती वाटते. शिवाय काही चुकलं तर जबाबदारी माझीच. (सांगली)

डॉक्टर, भीती खरी आहे, मलाही होती. पहिली दोन वर्षं मी एकही पेशंट पाठवला नव्हता, मालिशने काय होणार असं मी मालकांना तोंडावर सांगायचे, आणि त्यात गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या काही कुत्र्यांच्या मांड्या आयुष्यभर बारीक राहिल्या. सर्जरी उत्तम होती, एक्सरे सुंदर होते, आणि कुत्रा तीन पायांवर. ते मला आज टोचतं.

पेशंट जात नाहीत. माझा अनुभव उलट आहे, जो कुत्रा दर आठवड्याला कोणाच्या तरी हाताखालून जातो तो माझ्याकडे लवकर येतो, गाठ लहान असताना येतो, शी काळी झाली त्याच दिवशी येतो. काळी शी म्हणजे दुखण्याच्या गोळीने पोटात रक्त जात असल्याची खूण, ती बघून गोळी त्या दिवशी बंद झाली म्हणून वाचलेले माझे दोन पेशंट आहेत, दोन्ही वेळा फोन फिजिओचा होता.

जबाबदारीचं म्हणाल तर ती न लिहिण्याने वाढते, लिहिण्याने कमी होते. आधी तिला भेटा, चहा प्या, तिचं शिक्षण विचारा, एक सेशन बसून बघा. ती तुमच्यासमोर निदान बदलायला लागली किंवा गोळ्या बंद करा म्हणाली तर पाठवू नका आणि तिला तसं सांगा. नीट असेल तर प्रत्येक पेशंटबरोबर चिठ्ठी द्या आणि तिच्याकडून परत चिठ्ठी यायलाच हवी असं पहिल्या दिवशी ठरवा. ‘फिजिओ द्या’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी नको, तसं म्हणजे ‘औषध द्या’ लिहिण्यासारखं आहे. नमुना म्हणून मी मागच्या आठवड्यात पाठवलेली देते, मालकांना विचारून, कुत्र्याचं नाव बदलून.

“मोती, देशी, नर, ६ वर्षं, २२ किलो. उजव्या मागच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, हाड कापून प्लेट बसवलीये, आज १६ वा दिवस. टाके काढले, जखम कोरडी. हाड जुळल्याचा एक्सरे आठव्या आठवड्यात, तोपर्यंत उड्या, जिना, धावणं, पाण्यातली ट्रेडमिल काही नाही. प्लेटवर अल्ट्रासाउंड नको. सांधा हलवणं, वजन टाकायला शिकवणं, पट्ट्यावर ५ मिनिटं हळू चालणं चालेल, पुढचं तू ठरव आणि मला कळव. हृदय ठीक, रक्त ठीक. मेलॉक्सिकॅम सकाळी ८ ला, तू दुपारी बघशील तेव्हा गोळीचा असर असेल हे धरून चाल. डावा गुडघाही बघ, अशा कुत्र्यांचा दुसराही तुटतो. अनोळखी बाईमाणसांवर गुरगुरत नाही पण शेपटी धरलेली आवडत नाही. पाय टेकणं अचानक बंद झालं, सूज आली, खाणं सोडलं, उलटी किंवा काळी शी झाली तर सेशन थांबव आणि फोन कर, रात्री कितीही वाजता.”

तिचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. पाय टेकतो पण फक्त बोटं, उजव्या मांडीचा घेर डावीपेक्षा ३ सेंटिमीटर कमी, आणि शेपटीचं सांगितलंत ते बरं झालं.